मुठीतले यंत्र आणि परतीची वाट



हिमालयाच्या कुमाऊँ भागात मिलम नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील शाळेत नैनसिंग रावत हे शिक्षक होते. शिक्षक म्हणून लोक त्यांना 'पंडित' म्हणत. ब्रिटिश अमदानीतील सर्वेक्षण खात्याने त्यांना मोजणीचे शिक्षण दिले आणि १८६५ मध्ये त्यांना तिबेटच्या मोहिमेवर पाठवले. त्या प्रदेशात मोजणीदाराला मज्जाव होता, म्हणून उपकरणे लपवून न्यावी लागली. हातात जपमाळ होती, पण तिच्यात १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले झाली. प्रार्थनाचक्रात नोंदींचे कागद दडलेले असत. पाणी किती अंशांवर उकळते यावरून उंची काढली जाई आणि ताऱ्यांच्या वेधावरून अक्षांश. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोहोचले. पुढे १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने या शाळामास्तरांना सुवर्णपदक दिले.

अक्षांश, रेखांश, उंची आणि चाललेले अंतर या चारही गोष्टी आज मुठीत मावणारे एक यंत्र मिनिटभरात दाखवते. ते हातातले जीपीएस यंत्र विकत घ्यावे असे अनेकांना वाटते. कोणाला सह्याद्रीत भटकायचे असते, कोणाला हिमालयात. कोणाचा मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयाच्या गिर्यारोहण पथकात जाणार असते. पहिले यंत्र घेताना साधारणपणे किंमत, पडदा आणि जाहिरात पाहिली जाते. पाहायला हवी ती गोष्ट वेगळी आहे. नैनसिंगांना आपले स्थान कळण्यासाठी प्रत्येक पावलाला जागे राहावे लागे. यंत्र बाळगणाऱ्यावर ती सक्ती नसते, आणि धोका नेमका तेथेच असतो. यंत्र स्थान सांगते, वाट सांगत नाही. त्याची निवड आणि वापर हे दोन्ही या एका भेदावर अवलंबून आहेत.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचा संदेश पाठवत असतात. संदेश निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतील फरकावरून यंत्र त्या उपग्रहापासूनचे अंतर काढते. असे चार उपग्रह 'दिसले' की अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूक वेळ यांचे गणित सुटते. प्रकाशाच्या वेगाने येणारा हा संदेश एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर अंतर कापतो. म्हणजे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी तीनशे मीटरांचा घोटाळा होतो. हातात मावणारे पहिले व्यापारी यंत्र १९८९ मध्ये बाजारात आले. नागरी वापराच्या संदेशात अमेरिका तेव्हा मुद्दाम चूक मिसळत असे. २ मे २००० रोजी ते थांबले आणि शंभर मीटरांच्या आसपासची संभाव्य चूक एकदम पुष्कळ कमी झाली. आज मोकळ्या आकाशाखाली चांगले यंत्र पाच-दहा मीटरांच्या आत स्थान दाखवते. उंचीतील चूक त्याहून जास्त असते.

'मोकळ्या आकाशाखाली' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. खोल घळीत, दाट झाडीत किंवा उभ्या कड्याच्या पायथ्याशी आकाशाचा मोठा भाग झाकला जातो. काही संदेश कड्यावर आपटून वळसा घेत येतात आणि यंत्राला अंतर खोटे सांगतात. वाट चुकण्याचा संभव ज्या जागी जास्त, नेमक्या त्याच जागी यंत्राचा शब्दही डळमळीत होतो. म्हणून अमेरिकेच्या उपग्रहांबरोबर रशियाचे ग्लोनास आणि युरोपचे गॅलिलिओ यांचेही संदेश घेणारे यंत्र निवडावे. उपग्रह जितके जास्त, तितकी अरुंद आकाशातही स्थान मिळण्याची आशा जास्त. भारताच्या स्वतःच्या यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून सोडण्यात आला. ती यंत्रणा आज नाविक या नावाने ओळखली जाते. नाविकची सोय यंत्रात असली तर उत्तम. नसली म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाही.

आता स्थान आणि वाट यांतील भेद एका ठिकाणावर पडताळून पाहू. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अनेकांनी पाहिला आहे. कड्याच्या माथ्यावरून खाली कोकणात बेलपाडा गाव दिसते. माथ्यावर उभे राहून यंत्राला बेलपाड्याला न्यायला सांगितले, तर साधे यंत्र त्या दोन बिंदूंमधील सरळ रेषा काढते आणि बाण दाखवते. तो बाण कड्याच्या धारेवरून थेट पोकळीत जातो. गणिताच्या दृष्टीने तो अगदी बरोबर असतो. खाली उतरण्याच्या साधले घाटासारख्या वाटा मात्र लांबचा वळसा घेतात. स्वच्छ उन्हात अशा बाणाला कोणी भुलणार नाही. पावसाळ्यातल्या धुक्यात, दहा पावलांपलीकडचे दिसत नसताना, थकलेला माणूस बाणाच्या दिशेने आणखी चार पावले टाकू शकतो. म्हणून बाणाचा अर्थ 'तिकडे जा' असा कधीही घेऊ नये. 'ठिकाण त्या दिशेला आहे' एवढाच त्याचा अर्थ.

मग स्वतंत्र यंत्र घ्यावेच का? मळलेल्या वाटेवरील एका दिवसाच्या भटकंतीसाठी ते आवश्यक नाही. मोबाइलमधला जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतो. त्या भागाचा नकाशा मात्र निघण्यापूर्वी घरीच उतरवून घ्यावा लागतो, आणि बरोबर पॉवर बँक असावी लागते. अनेक दिवसांचा मुक्काम, मुसळधार पाऊस, बर्फ, समुद्र किंवा जंगलातील पाहणी असेल तेव्हा स्वतंत्र यंत्राची किंमत वसूल होते. मच्छीमारांचेच पाहा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासे मिळण्याची शक्यता असलेले समुद्राचे पट्टे अक्षांश-रेखांशांसह कळवते. ते आकडे होडीत बसून उपयोगात आणायचे, तर ओल्या हातांनी चालवता येणारे यंत्रच हवे.

निवडीची पहिली कसोटी त्या ओल्या हातांतूनच निघते. पावसात स्पर्शाचा पडदा थेंबांनाच बोट समजतो, आणि जाड हातमोज्यांना तो दाद देत नाही. पहिल्या यंत्राला ठसठशीत बटणे असावीत. दुकानात यंत्र एका हातात धरून, त्याच हाताच्या अंगठ्याने सारी बटणे दाबता येतात का, हे पाहावे. पडदा उन्हात वाचता येतो का, हे दुकानाबाहेर येऊन पाहावे.

दुसरी कसोटी सेलची. सर्वत्र मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र दूरच्या गावातल्या किराणा दुकानातूनही पुन्हा जिवंत करता येते. कडाक्याच्या थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात; तेथे न चार्ज होणारे लिथियम सेल टिकतात. सेल कोणत्याही प्रकारचे असोत, राखीव जोडी अंगालगतच्या खिशात उबेला ठेवावी. अनेक यंत्रांत सेलचा प्रकार निवडावा लागतो. तो चुकला, तर उरलेल्या शक्तीचा आकडा खोटा दिसतो.

तिसरी कसोटी पाण्याची. आयपीएक्स ७ दर्जाचे यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. पावसासाठी तेवढे पुरते. होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक या सोयी उपयोगी आहेत, पण त्यांनाही निगा लागते. आत होकायंत्र नसलेल्या यंत्राला दिशा कळते ती चालताना. उभे राहिल्यावर त्याचा बाण भरकटतो. आत होकायंत्र असेल, तर सेल बदलल्यावर ते नव्याने जुळवून घ्यावे. दाबावरचा उंचीमापक हवामान बदलले की सरकतो. म्हणून माहीत असलेल्या उंचीच्या ठिकाणी तो पुन्हा लावावा.

चौथी कसोटी कायद्याची आहे, आणि परदेशातून भेट म्हणून यंत्र मागवणाऱ्यांनी ती विशेष लक्षात ठेवावी. फक्त उपग्रहांचे संदेश घेणारे यंत्र वेगळे आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र वेगळे. उपग्रह दूरध्वनी किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारी उपकरणे परवान्याशिवाय जवळ बाळगणे भारतात गुन्हा आहे. पाश्चात्त्य देशांत अशी जोडयंत्रे सर्रास विकली जातात. प्रेमाने आणलेली भेट विमानतळावर घेणाऱ्याला अडचणीत टाकू शकते. पहिले यंत्र केवळ ग्रहण करणारेच असावे.

यंत्र घरी आल्यावर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी नीट लावाव्यात. पहिली म्हणजे आकड्यांची लेखनपद्धती. १९ अंश २३ मिनिटे ३० सेकंद हा अक्षांश दशांशात १९.३९१७ होतो. घाईत कोणी तो १९.२३३० असा भरला, तर यंत्र तक्रार करत नाही. ते साडेसतरा किलोमीटर दूरचे ठिकाण निमूटपणे दाखवते. एकमेकांना स्थान कळवताना पद्धतीही कळवावी. दुसरी गोष्ट म्हणजे नकाशाचा आधार. पृथ्वीचा आकार कोणता धरून नकाशा काढला आहे, यावर त्यातील अक्षांश-रेखांश ठरतात. जीपीएस यंत्रे मूलतः डब्ल्यूजीएस ८४ हा आधार धरतात. सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या आधारावर आहेत, तर लोकांसाठी खुले केलेले नवे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर. दोहोंची गल्लत झाली, तर शंभर मीटर किंवा त्याहून अधिक फरक पडू शकतो. कड्याच्या धारेवर शंभर मीटर म्हणजे फार मोठे अंतर असते. नकाशाच्या समासातला मजकूर वाचण्याची सवय येथे उपयोगी पडते.

यानंतर अभ्यास, आणि तो डोंगरात नव्हे, घराजवळ. घराच्या दारात उभे राहून ती जागा यंत्रात साठवावी. भटक्यांच्या भाषेत हा वेपॉइंट. मग ट्रॅकची नोंद सुरू करून दोन-चार गल्ल्या फिरावे, मोठ्या मैदानात जावे आणि फक्त पडद्याकडे पाहून घरी यावे. मुलांना हा खेळ फार आवडतो. पालकांनी तो त्यांच्याबरोबर खेळावा आणि शेवटी यंत्र बंद करून विचारावे, "आता घर कोणत्या दिशेला?" उत्तर आले नाही, तर अभ्यास अपुरा आहे. त्यानंतर ओळखीच्या टेकडीवर, दिवसाउजेडी, माहितगारासह सराव करावा. यंत्रातील प्रत्येक आवश्यक कृती डोळे मिटून जमू लागेपर्यंत अनोळखी डोंगराची वाट धरू नये.

प्रत्यक्ष मोहिमेच्या वेळी जुना ट्रॅक पुसून नवा सुरू करावा. नव्या प्रदेशात यंत्राला पहिले स्थान मिळण्यास काही मिनिटे लागू शकतात. तोवर मोकळ्या जागी थांबावे आणि मगच आरंभबिंदू साठवावा. घाईने साठवलेला आरंभबिंदू संध्याकाळी दगा देतो. पुढे प्रत्येक फाटा, ओढा ओलांडण्याची जागा, पाण्याचे टाके आणि मुक्काम यांच्या खुणा ठेवाव्यात. परतीच्या वेळी यंत्र आलेल्या ट्रॅकवरून उलटे नेऊ शकते, आणि साऱ्या सोयींमध्ये हीच सर्वांत मोलाची. मात्र येताना जी चूक झाली असेल, तीही यंत्र तितक्याच इमानाने परत दाखवते. कागदी नकाशा आणि साधे होकायंत्र बरोबर असावेच. त्यांना सेल लागत नाहीत. पडदा एक सांगतो आणि समोरची जमीन दुसरे, असे झाले तर थांबावे. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे फिरावे. खाली वस्तीचे दिवे दिसतात म्हणून अनोळखी घळीत उतरू नये.

घरी राहणाऱ्यांचेही एक काम आहे. मार्ग, मुक्कामाची ठिकाणे, त्यांचे अक्षांश-रेखांश आणि परतण्याची वेळ एका कागदावर लिहून घरी ठेवावी. ती वेळ टळली की काय करायचे, कोणाला कळवायचे, हेही त्यावर असावे. देशभर चालणारा ११२ हा आपत्कालीन क्रमांक मुलांना पाठ असावा. त्या क्रमांकावर बोलताना 'मोठ्या झाडाजवळ' असे सांगण्याऐवजी अक्षांश-रेखांश वाचून दाखवता आले, तर शोधकार्याचे कित्येक तास वाचू शकतात.

ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य हे शब्द महाराष्ट्रापासून दूरच्या या शाळेच्या भूगोलाच्या तासाला पिढ्यान्पिढ्या पाठ करवून घेतले गेले. अक्षांश आणि रेखांश यांतील आडवे कोणते आणि उभे कोणते, यावरून अनेकांनी छडीही खाल्ली असेल. यंत्राच्या पडद्यावरचे आकडे ज्याला वाचता येतात, त्याच्या वाचनामागे तो तास उभा असतो. जपमाळेतला एक-एक मणी सरकवीत चाललेल्या मिलमच्या शिक्षकांजवळ उपग्रह नव्हते. पण कोणत्याही क्षणी विचारले असते, तर आपण कोठून आलो आणि किती चाललो, हे त्यांनी सांगितले असते. मुठीत यंत्र घेऊन निघालेल्या मुलालाही तेवढे सांगता यावे. मग यंत्र बंद पडले, तरी मूल घरी येईल.