शेणकिडा आणि सूर्य

कार्ल्याच्या लेण्यांखाली, पावसाळी गायरानात, मागच्या पायांनी शेणाची गोळी ढकलणारा किडा आपण ओलांडून जातो. प्राचीन इजिप्तने त्यात उगवता सूर्य पाहिला, नाव खेप्री. पुरलेल्या गोळीतून नवा किडा निघतो, म्हणून तो पुनर्जन्माची खूण! मृताच्या छातीवर दगडी किडा ठेवीत. न्यायाच्या वेळी हृदयाने धन्याविरुद्ध साक्ष देऊ नये, अशी विनवणी त्यावर कोरलेली. धन्यांची ही धास्ती आम्हांला मोठी बोलकी वाटते.

राजांच्या थडग्यांत हा खेप्री रंगविला देर-अल-मदिना वस्तीतल्या कारागिरांनी. इ.स.पूर्व १२व्या शतकात, तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, मजुरीचे धान्य थकले. त्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते देवळामागे जाऊन बसले. संपाची ही सर्वांत जुनी ज्ञात नोंद. धान्य मिळाले, पुढे पुन्हा थकले, तेव्हा ते पुन्हा बसले.