न दुखणारी भेग
(मिशन रविवारी मंडळीपुढे केलेले भाषण)



आज मी पायांविषयी बोलणार आहे. थंडी आली की आपल्याही टाचा फुटतात. आपण रात्री व्हॅसलीन लावतो, मोजे घालतो आणि झोपतो. सातपुड्यात, धडगाव भागातल्या आमच्या बायांना एवढी सवड नसते. पावसाळ्यात दिवसभर शेतातला चिखल, हिवाळ्यात उसतोड, उन्हाळा लागला की पहाटेपासून मोह वेचणे. वाट दगडांची आणि पायांत चप्पल असलीच तर झिजलेली. तळपायाच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी नसतात, म्हणून ती लवकर कोरडी पडते आणि अंगाचा भार आला की चिरते.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका पाड्यावर एका मावशींच्या टाचा पाहिल्या. भेगा खोल होत्या, कडा काळ्या पडलेल्या. मी विचारले, "मावशी, दुखतं का?" त्या हसून म्हणाल्या, "नाही ताई, काही दुखत नाही." मला बरे वाटले. मलमाची डबी दिली, प्रार्थना केली आणि पुढच्या घरी गेले.

तिथेच मी चुकले. एवढी खोल भेग दुखायलाच हवी होती.

मावशी उसतोडीला गेल्या आणि होळीला परतल्या, तेव्हा तळव्याला मोठी जखम होती. काटा कधी घुसला, त्यांना कळलेही नव्हते. आरोग्यसेविकेने त्यांना डोळे मिटायला सांगून पोटरीवरच्या फिकट चट्ट्याला कापसाचे टोक लावले. मावशी गप्पच राहिल्या. तो कुष्ठरोग निघाला. या रोगात मज्जातंतू बिघडतात, तो भाग बधिर होतो, तिथे घाम येईनासा होतो आणि कातडी सुकून फाटते. मी ज्याला थंडीचा त्रास समजले, ते आजाराचे लक्षण होते.

औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळाले. प्रकारानुसार ते ६ किंवा १२ महिने घ्यावे लागते. मावशींना १२ महिने होते. त्यांनी ते पूर्ण केले आणि रोग बरा झाला. पण टाचेतली जाणीव परत आली नाही. म्हणून आता रोज संध्याकाळी त्या पाय तपासतात. वीस मिनिटे साध्या पाण्यात ठेवतात, जाड कातडी दगडाने हलके घासतात आणि कातडी ओलसर असतानाच तेल लावतात. आमच्याकडे मोहाच्या बियांचे तेल घरीच असते. खोबरेल किंवा व्हॅसलीनही चालते. पाणी गरम आहे का, हे आधी सून हात घालून पाहते. ब्लेडने कातडी कापायची नाही. चपलेला आतून मऊ रबर, आणि घालण्यापूर्वी ती झटकायची.

आपल्यापैकी ज्यांना मधुमेह आहे, त्यांचेही पाय असेच बधिर होऊ शकतात. त्यांनीही हा नेम धरावा. मात्र पाय पाण्यात भिजत ठेवू नयेत, धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

गेल्या वर्षी पाहुणे म्हणून आलेल्या एका भावाने मला हळूच विचारले, "त्यांच्या घरी चहा घेतला तर चालेल ना?" चालेल. हात मिळवल्याने किंवा एकत्र जेवल्याने हा रोग होत नाही, आणि औषध सुरू झाल्यावर त्या माणसाकडून पसरणेही लवकरच थांबते. मत्तयाच्या आठव्या अध्यायात प्रभूने कुष्ठरोग्याला बरे केले, पण त्याआधी हात लावला. योहानाच्या तेराव्या अध्यायात तो शिष्यांच्या पायांशी बसला. पाय धुणाऱ्याला पाय नीट दिसतात. मी त्या दिवशी उभ्यानेच डबी दिली होती.

आपण पाठवलेल्या तेलाबद्दल आणि चपलांबद्दल मनापासून आभार. ते पाठवत राहा. पण आमच्याकडे याल तेव्हा थोडा वेळ खाली बसा, पाय पाहा आणि विचारा. कोणी "दुखत नाही" म्हणाले, तर आणखी एकदा विचारा. अंगावर बधिर चट्टा दिसला, तर त्याच आठवड्यात दवाखान्यात पोहोचवा. मावशींच्या बाबतीत मी दिवाळी ते होळी गमावली. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढीच प्रार्थना माझ्यासोबत करा.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.