शरीराची लॅटिन नावे आणि मराठी शब्द

तालुक्याच्या रुग्णालयातून मिळालेला वैद्यकीय दाखला सरपंच, पोलीस पाटील किंवा शाळेचे मुख्याध्यापक यांच्या हाती अनेकदा येतो. भांडणात जखमी झालेल्या माणसाच्या दाखल्यावर 'टिबिया' व 'फिब्युला' अशी दोन नावे असतात आणि पुढे हाड मोडल्याची नोंद असते. वाचणारा त्या नावांपाशीच थबकतो. वास्तविक त्या नोंदीवर पुष्कळ काही अवलंबून असते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात, पूर्वीच्या दंड संहितेप्रमाणेच, हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे ही जबर दुखापत गणली आहे. दाखला डॉक्टरांना समजला म्हणजे पुरे, असे म्हणून भागत नाही; ज्याचे हाड मोडले त्यालाही तो समजावयास हवा.

ही नावे कठीण वाटतात, याचे कारण ती विद्वत्तेची आहेत असे नव्हे. ती परक्या घरातील साध्या वस्तूंची नावे आहेत, एवढेच. 'टिबिया' या एकाच शब्दाने रोमन लोक नडगीचे हाड आणि पावा या दोहोंचा बोध करून घेत. प्राण्यांच्या हाडांपासून पावे करण्याची रीत तेव्हा होती. 'फिब्युला' म्हणजे अंगावरचे वस्त्र अडकवून ठेवण्याची टाचणी. नडगीशेजारचे बारीक हाड त्या टाचणीच्या काडीसारखे दिसते. गळ्याखालच्या हाडाला 'क्लॅव्हिक्युला', म्हणजे लहान किल्ली, असे म्हणतात. कटीच्या हाडांचा घेर तो 'पेल्व्हिस', म्हणजे घंगाळ. नाकाच्या आतील पडद्याच्या पातळ हाडाचे नाव तर 'व्होमर', म्हणजे नांगराचा फाळ. हे नाव देणाऱ्याला शेतीची माहिती होती हे उघड आहे. मानेच्या पहिल्या मणक्यावर मस्तकाचा भार असतो, म्हणून ग्रीक पुराणकथेत आकाश तोलून धरणाऱ्या 'ॲटलास'चे नाव त्याला मिळाले.

मराठी माणसानेही आपल्या शरीराकडे याच दृष्टीने पाहिले आहे. रोमन लोकांनी गुडघ्यावरील हाडाला 'पटेला', म्हणजे लहानशी ताटली, म्हटले. मराठीत ती गुडघ्याची वाटी आहे. दंड आवळला की त्वचेखाली जो उंचवटा सरकतो तो रोमन लोकांना उंदराच्या पिलासारखा भासला, म्हणून स्नायूला 'मस्क्युलस' हे नाव पडले. आपल्याकडे त्याच उंचवट्यात बेडकी दिसली, आणि 'बेटकुळी' हा शब्द तयार झाला. पाठीच्या कण्याच्या टोकाचे हाड ग्रीकांना कोकिळेच्या चोचीसारखे वाटले. त्यांचे 'कॉक्सिक्स' ते आपले माकडहाड. घशातील लोंबत्या मांसाला लॅटिनमध्ये लहान द्राक्षाचे नाव आहे, मराठीत ती पडजीभ आहे. शाळेत शरीररचना शिकवणाऱ्या शिक्षकाने नाव पाठ करून घेण्यापूर्वी त्याचा अर्थ सांगितला, तर मुलांचे निम्मे श्रम वाचतील.

चुकीच्या समजुतींवरही काही नावे उभी आहेत. मृत शरीरातील रोहिण्या रिकाम्या आढळतात, त्यामुळे त्यांतून वायू वाहतो असे प्राचीन ग्रीक मानीत आणि त्यावरून 'आर्टरी' हा शब्द आला. पुढे गॅलेन या वैद्याने रोहिण्यांत रक्तच असते हे दाखवून दिले, पण नाव बदलले नाही. आपल्या 'धमनी' शब्दाच्या मुळाशीही फुंकणे या अर्थाचा संस्कृत धातू आहे, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. मेंदूच्या बाहेरील जाड आवरणाला 'ड्युरा मेटर', म्हणजे 'कठीण माता', असे चमत्कारिक नाव आहे. अरबी भाषेत एका वस्तूचे दुसरीशी असलेले नाते आई, बाप अशा शब्दांनी सांगण्याची पद्धत आहे. बाराव्या शतकात अरबी वैद्यकग्रंथांचे लॅटिन भाषांतर करताना त्या 'आई'चा शब्दशः अनुवाद झाला आणि ती आजतागायत मेंदूभोवती आहे. परिभाषा तयार करणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

इ. स. १५४३ मध्ये व्हेसेलियसचा मानवी शरीररचनेवरील सचित्र ग्रंथ बाझेल येथे प्रसिद्ध झाला. त्यानंतर शवविच्छेदनाचा अभ्यास वाढत गेला, आणि नावांचा गोंधळही. प्रत्येक देशातील, किंबहुना प्रत्येक विद्यापीठातील आचार्य नवे नाव देत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे ५०,००० नावे प्रचारात होती, आणि त्यांनी दाखविलेले भाग मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके होते. जर्मन शरीररचनातज्ज्ञांच्या संस्थेने १८९५ मध्ये त्याच बाझेल शहरात सुमारे ५,००० नावांची यादी मान्य केली. तेवढ्याने एकमत झाले नाही. १९३३ मध्ये ब्रिटिशांनी बर्मिंगहॅम येथे आपली सुधारित यादी केली, दोनच वर्षांनी जर्मनांनी येना येथे वेगळी केली. अखेर १९५० मध्ये ऑक्सफर्ड येथे आंतरराष्ट्रीय समिती नेमण्यात आली व १९५५ मध्ये पॅरिस येथे तिची यादी स्वीकारली गेली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली नवी यादी याच परंपरेतील होय.

या समित्यांनी पाळलेले नियम साधे होते. एका भागाला एकच नाव असावे. ते आटोपशीर व अर्थबोधक असावे. शेजारी असलेल्या भागांची नावे परस्परांशी जुळावीत. म्हणजे मांडीतील रोहिणी, नीला आणि मज्जातंतू या तिन्हींच्या नावांत मांडीचा निर्देश यावा. शोधकाचे नाव शरीराच्या भागाला देऊ नये. यामुळे सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ फालोप्पिओ याचे नाव गर्भाशयाच्या नलिकांवरून अधिकृत यादीत तरी पुसले गेले. पाठ्यपुस्तकांतून ते अद्यापि गेलेले नाही, हा भाग निराळा. लॅटिन यादी प्रमाण ठेवून प्रत्येक देशाने अध्यापनासाठी आपल्या भाषेत नावे करावीत, ही मुभाही समितीने दिली होती.

मराठीची अडचण नेमकी येथे आहे. शब्दांचा तुटवडा नाही. एका भागाला एक नाव, हा नियम पाळला जात नाही. वर उल्लेखिलेल्या नलिकेलाच बीजवाहिनी, अंडवाहिनी, गर्भनलिका अशी नावे वेगवेगळ्या पुस्तकांत आढळतात. रोहिणी म्हणावे की धमनी, नीला म्हणावे की शीर, हाही प्रश्न तसाच आहे. भाषा संचालनालयाने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश तयार केले, परंतु कोशातील शब्द दाखल्यावर, फलकावर आणि वर्गात एकसारखा उतरला तरच त्याचा उपयोग.

उलट बाजूने, व्यवहारातील एकच शब्द अनेक भागांना पुरवला जातो. 'हात मोडला' असे गावचा माणूस सांगतो. त्यात दंड, कोपराखालचा भाग, मनगट की पंजा हे कळत नाही. लॅटिनमध्ये 'ब्रेकियम' म्हणजे फक्त दंड. मराठीत दंड हा शब्द तितकाच काटेकोर आहे, तो वापरण्याची सवय तेवढी हवी. डावे-उजवे याबाबतही शास्त्राचा दंडक पक्का आहे: ज्याचे शरीर त्याचे डावे, पाहणाऱ्याचे नव्हे. पंचनामा लिहिणाऱ्याने समोर उभे राहून आपले डावे लिहिले, की दाखला आणि पंचनामा यांत तफावत पडते आणि न्यायालयात तीवर बोट ठेवले जाते.

स्त्रीनसबंदीची माहिती देताना तर शब्दांचे मोल अधिकच जाणवते. गर्भाशयाला गावात 'पिशवी' म्हणतात. संमतिपत्रावर 'बीजवाहिनी' हा शब्द असतो आणि सही करणारीच्या मनात पिशवी काढणार ही भीती असते. या शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंच्या नलिका बंद करतात. पिशवी व अंडाशय जागच्या जागी राहतात आणि मासिक पाळी येत राहते. आरोग्यसेविकेने पाटीवर पिशवी, तिच्या दोन बाजूंच्या नळ्या आणि नळ्यांच्या टोकांशी असलेली दोन अंडाशये एवढे चित्र काढून, प्रत्येकाजवळ गावातला शब्द आणि त्याखाली संमतिपत्रातला शब्द लिहिला, तर सही करण्यापूर्वी त्या बाईला काय विचारावयाचे ते सुचेल.