माउथ ऑर्गन आणि मी
(कोजागिरीच्या रात्री गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला सांगितलं, 'काका, माउथ ऑर्गनवर दहा मिनिटं बोला.' मी म्हटलं, वाजवतो, बोलायला लावू नका. तर म्हणाले, 'वाजवणं आम्ही पंचवीस वर्षं ऐकतोच आहोत, आता जरा बोला.' यात कौतुक किती आणि तक्रार किती, ते मी विचारलं नाही.

1964 साली 'दोस्ती' आला तेव्हा मी दहा वर्षांचा. त्यात एक मुलगा माउथ ऑर्गन वाजवतो, दुसरा गातो. तो बघून आल्यावर आमच्या चाळीतल्या प्रत्येक पोराला माउथ ऑर्गन हवा होता. मला मामांनी घेऊन दिला. पडद्यावरच्या त्या मुलासाठी प्रत्यक्षात वाजवणारे राहुल देव बर्मन होते, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आणि हे स्वतः संगीतकार असून मित्रांसाठी वाजवायला गेले. 'शोले'त संध्याकाळी जय पायरीवर बसून वाजवतो, समोर राधा दिवे मालवत असते, ते वाजवणं भानू गुप्तांचं. नाव कुणाला ठाऊक नसतं, सूर सगळ्यांना ठाऊक असतो.

आता वाद्याबद्दल थोडं. हे आपल्या पेटीच्याच कुळातलं. आत पितळेच्या बारीक पट्ट्या, हवा गेली की थरथरतात. पेटीला भाता लागतो, इथे भाता आपल्या छातीत. आणि खरी गंमत पुढे आहे. बासरी, सनई, क्लॅरिनेट सगळी फुंकून वाजतात. श्वास घेताना वाजवणाऱ्याला सूर चोरून घ्यावा लागतो. माउथ ऑर्गन श्वास आत घेतानाही वाजतो. सा फुंकायचा, रे ओढायचा, ग फुंकायचा, म ओढायचा, प फुंकायचा. इथपर्यंत पाळणा छान हलतो. मग ध ओढायचा, आणि लगेच नी, तोही ओढायचाच! छाती आधीच भरलेली, त्यात आणखी एक. नवशिका हमखास इथे अडतो. मग वरचा सा सोडला की सुटलो. (इथे वाजवून दाखवले.)

माझ्याकडचा हा जो आहे, त्यात प्रत्येक सुराला दोन पट्ट्या असतात, एक दुसरीपेक्षा किंचित चढी. दोन्ही मिळून आवाज लाटेसारखा हलतो. रडवा वाटतो तो त्यामुळे. वर तळव्याची ओंजळ उघडझाप केली की आणखी रडतो. शास्त्रीयवाले नाक मुरडतात, म्हणतात यात मींड नाही. खरं आहे, नाही. पण खिशात मावतो, आणि तंबोरा काही खिशात मावत नाही. फक्त उसना मागू नका. टूथब्रश आणि माउथ ऑर्गन मी कुणाला देत नाही.

जुन्या सभासदांना 26 जुलै 2005 ची रात्र आठवत असेल. उल्हास नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं. लाइट गेलेली. तळमजल्यावरची सगळी मंडळी आमच्या जिन्यात, अंगावर ओल्या साड्या, पोरं रडतायत, आणि मुंबईला गेलेल्या कुणाचाच फोन लागत नाही. मी काय करणार? मेणबत्तीच्या उजेडात 'सोलवा साल'मधलं हेमंतकुमारचं गाणं वाजवलं. त्यातला माउथ ऑर्गनही आर. डीं.चाच, वडिलांच्या संगीतात. माझं दोनदा चुकलं. पोरं मात्र झोपली. दुसऱ्या दिवशी माणसं परत आली. जिन्यातल्या त्या पोरांपैकी दोघं आज कमिटीवर आहेत.

आता जे सांगतो ते आजवर बोललो नव्हतो. 2021 च्या एप्रिलमध्ये मी अकरा दिवस ऑक्सिजनवर होतो. घरी आलो तर बाथरूमपर्यंत गेलं तरी धाप. तीन बॉलचं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं, ओढून बॉल वर उचलायचे. एकच उचलला जायचा, तोही अर्धा. डॉक्टरांना विचारलं, माउथ ऑर्गन वाजवू का? म्हणाले, 'दमेपर्यंत नाही, आणि बॉल सोडायचे नाहीत.'

पहिल्या दिवशी सा आला. रे ओढला आणि खोकल्याची उबळ. ही आतून ओरडली, 'ठेवा तो बाजा!' पण दुसऱ्या दिवशी हिनेच उशाशी आणून ठेवला. आठवड्याने पंचमापर्यंत पोचलो. ध लागायला आणखी दहा-बारा दिवस. आणि नी काही लागेना. रोज संध्याकाळी सा रे ग म प ध, आणि गप्प. ही स्वयंपाकघरात हात थांबवून उभी राहायची. म्हणायची काही नाही. पण भांड्यांचा आवाज थांबला की मला कळायचं.

एक दिवस खालच्या वहिनी जिन्यात भेटल्या. मास्कमधूनच म्हणाल्या, 'काका, तो शेवटचा लागत का नाही? आम्ही रोज खिडकीत वाट बघतो. हे तर म्हणतात, मीच गाऊन टाकू का?' मला ठाऊकच नव्हतं कुणी ऐकतंय म्हणून. मला वाटत होतं, माझी धाप मीच ऐकतोय.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर पाऊस, ध ओढला आणि मागोमाग नी आला. बारीक आला, पण आला. वरचा सा सोडला तेव्हा खालच्या खिडकीतून भाऊसाहेब ओरडले, 'लागला हो, वहिनी, लागला!' आमची ही ओट्याला टेकून रडत होती. कांदा चिरत होते म्हणाली. कांदा त्या दिवशी घरात नव्हता.

सेक्रेटरीसाहेब खुणावतायत, दूध आटलंय. तेव्हा बोलणं पुरे, 'सोलवा साल'मधलं तेच वाजवतो. मधे थांबलो तर दुधाकडे पळू नका, जरा वाट बघा.