विल्यम्सबर्ग : जपून ठेवलेले गाव



कार्यकारी मंडळाच्या आज्ञेवरून मी अमेरिकेतील विल्यम्सबर्ग या गावाविषयी चार शब्द बोलणार आहे. चिरंजीवांकडे गेलो असता ते पाहण्याचा योग आला.

ब्रिटिशांच्या व्हर्जिनिया वसाहतीची राजधानी १६९९ पासून येथे होती. १७८० मध्ये ती रिचमंडला गेली आणि गावास उतरती कळा लागली. १९२६ मध्ये रेव्हरंड गुडविन यांच्या आग्रहावरून धाकटे जॉन रॉकफेलर यांनी द्रव्यसाहाय्य दिले व जीर्णोद्धार सुरू झाला. आज सुमारे ३०० एकरांत अठराव्या शतकातील गाव नांदताना दिसते. लोहार भाता चालवितो, मुद्रक हाताने खिळे जुळवितो, आणि त्या काळचा पोशाख केलेली ही मंडळी मुलांच्या शंकांचे निरसन करतात.

परंतु मला विशेष सांगावयाचे आहे ते निराळेच. राज्यक्रांतीच्या वेळी या गावातील निम्म्याहून अधिक वस्ती आफ्रिकी वंशाची, बहुतांशी गुलामांची होती. तरी कित्येक वर्षे तेथे प्रामुख्याने धनिकांचे वाडेच दाखवीत. १९७९ पासून गुलामांचे जीवनही दाखविण्यात येऊ लागले. १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रवेश करून दाखविला, तेव्हा 'आमच्या पूर्वजांच्या दुःखाचा हा तमाशा' म्हणून निषेध झाला. पण तो पाहिल्यावर निषेधकांतील एका पुढाऱ्याचे मत पालटले. कृष्णवर्णीय मुलांसाठी १७६० मध्ये निघालेल्या शाळेची इमारत २०२० मध्ये ओळखू आली. त्या शाळेत वाचनाबरोबर धन्याची आज्ञा पाळण्याचेही धडे देत, हेही तेथे लपवीत नाहीत.

बंधुभगिनींनो, आपल्या कुलवृत्तांतांतून दिवाण, इनामदार, वकील यांची नावे ठळकपणे येतात. मात्र ज्या बालविधवा आत्याबाईंनी आलवणात जन्म काढून घरादाराचा स्वयंपाक केला, त्यांचे नावही आढळत नाही. ज्यांना आपण अंगणापलीकडे उभे केले आणि ज्यांच्या श्रमावर आपली शेती पिकली, त्यांची तर एक ओळही नाही. हे लिहिल्याने पूर्वजांना उणेपणा येईल, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. वडिलांचा वारसा घ्यावयाचा तर त्यांचे ऋणही मान्य केले पाहिजे.

घरोघरच्या वृद्धांकडून ही नावे आताच लिहून घ्यावीत, अशी आग्रहाची विनंती करून मी आपली रजा घेतो.