काल चालत होतं, आज लिंक होत नाही: सिस्टिम अपडेटनंतर कंपायलर रुसतो तेव्हा

(पॉडकास्टमधल्या बोलण्याचं लेखी रूप. फार नीटनेटकं केलेलं नाही.)

आजचा विषय जरा किचकट आहे, पण याच एका गोष्टीवर इतक्या व्हॉइस नोट साठल्यात की आता टाळता येत नाही. फोनला किंवा लॅपटॉपला सिस्टिम अपडेट येतं, आपण रात्री चार्जिंगला लावून 'इन्स्टॉल' दाबतो. सकाळी कालचाच सी चा प्रोग्रॅम कंपाइल करायला जातो, तर समोर लाल अक्षरं. कोडमध्ये एक सेमिकोलन बदललेला नाही. मग बदललं काय?

मी बोलतोय उंबरमाळीतून. खर्डी आणि कसारा यांच्या मधलं स्टेशन. मागे गाडीचा आवाज आला तर समजून घ्या, दर वेळी थांबून परत रेकॉर्ड करत बसलो तर भाग पुढच्या महिन्यात येईल.

आधी लिंकर म्हणजे काय ते सांगतो, कारण नव्वद टक्के गोंधळ तिथेच आहे. तुम्ही प्रोग्रॅममध्ये 'पॉव' लिहिता, घात काढायला. ते 'पॉव' तुम्ही लिहिलेलं नसतं, कोणीतरी आधीच लिहून लायब्ररीत ठेवलेलं असतं. कंपायलर तुमची फाइल मशीनच्या भाषेत करतो आणि 'पॉव'च्या जागी नुसती चिठ्ठी लावून ठेवतो: इथे हे पाहिजे. ती चिठ्ठी हातात घेऊन गावभर फिरणारा माणूस म्हणजे लिंकर. त्याला 'पॉव' सापडलं नाही की तो म्हणतो, 'अनडिफाइन्ड रेफरन्स' किंवा 'अनडिफाइन्ड सिम्बॉल'. म्हणून तर आपण शेवटी 'डॅश एल एम' लिहितो. अरे बाबा, गणिताच्या लायब्ररीतही बघ.

आता गंमत अशी की असे माणसं दोन आहेत. एक प्रोग्रॅम बनवताना काम करतो. दुसरा प्रोग्रॅम सुरू करताना, दर वेळी. त्याला डायनॅमिक लिंकर म्हणतात. बऱ्याच लायब्ऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात भरलेल्या नसतात, त्या सिस्टिममध्ये एकाच जागी असतात आणि सगळे प्रोग्रॅम त्याच वापरतात. जागा वाचते, दुरुस्ती एकदाच करावी लागते. पण सिस्टिम अपडेटने त्या लायब्रीचं नाव, जागा किंवा आवृत्ती बदलली, की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे एकदम उघड्यावर पडतात.

म्हणून मला स्क्रीनशॉट पाठवता तेव्हा मी पहिलं हे बघतो की बोलतोय कोण. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असेल तर बनवतानाचा लिंकर. 'कॅनॉट फाइंड, डॅश एल अमुक' असेल तरी तोच, पण त्याला अख्खी लायब्ररीच दिसत नाहीये. आणि 'कॅनॉट लिंक एक्झिक्युटेबल' असेल तर तो अँड्रॉइडचा सुरू करतानाचा लिंकर. त्या ओळीत पुढे 'क्लँग' असं नाव असेल, तर कंपायलरच उठू शकलेला नाही. तुमचा कोड त्याने अजून वाचलेलासुद्धा नाही! अशा वेळी कोडमध्ये चूक शोधत बसणं म्हणजे मास्तर शाळेत आलेच नाहीत आणि आपण वही तपासून कधी मिळणार म्हणून वाट बघतोय.

हे सगळं आठवायला कारण झालं आमच्या शेजारच्या पाड्यावरची एक मुलगी. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात लॅपटॉप नाही, फोन एकच, तोही भावाचा. भाऊ दिवसभर भिवंडीकडे गोदामात कामाला, फोन त्याच्याबरोबर. रात्री नऊला तो घरी आला की फोन हिच्या हातात, बारापर्यंत. त्या तीन तासांत टर्मक्स उघडून तिने चार महिन्यांची सगळी प्रॅक्टिकल्स केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टर्मक्स म्हणजे अँड्रॉइडवर चालणारं लिनक्ससारखं टर्मिनल. त्यात क्लँग कंपायलर टाकता येतो आणि सी, सी प्लस प्लस खरोखर चालतं. अंगठ्यांनी पॉइंटर टाइप करणं ही वेगळी तपश्चर्या आहे, त्याबद्दल कधीतरी बोलू.

तर भावाच्या फोनला अँड्रॉइड ११ चं १२ झालं. तिने टर्मक्स उघडलं, पॅकेजं अपग्रेड करायला लावली आणि स्क्रीन बंद करून भाकऱ्या करायला गेली. परत येऊन बघते तर 'प्रोसेस कम्प्लिटेड, सिग्नल ९'. टर्मक्स परत उघडलं, क्लँग चालवलं, तर 'कॅनॉट लिंक एक्झिक्युटेबल क्लँग, लायब्ररी लिबएलएलव्हीएम डॉट एसओ नॉट फाउंड'. सोमवारी सबमिशन, आणि हा शुक्रवार.

तिने मला फोन करण्याआधी दोघांना विचारलं होतं. मोबाइलच्या दुकानात सांगितलं, फोन फॅक्टरी रीसेट कर. वर्गातल्या एकाने सांगितलं, टर्मक्स काढ आणि प्ले स्टोअरवरून परत टाक. दोन्ही सल्ले चांगल्या मनाने दिलेले, आणि दोन्हीने तिचं सगळं काम गेलं असतं. अँड्रॉइडवर ॲप काढलं की त्याचं खाजगी फोल्डर पुसलं जातं. टर्मक्समधल्या तुमच्या फाइली त्याच फोल्डरमध्ये असतात. गॅलरीत दिसत नाहीत, मेमरी कार्डावर नसतात. चार महिने गेले म्हणजे गेले.

"दादा, मग काढू का नको?" असं तिने विचारलं तेव्हा नेटवर्क तुटत होतं, आणि मी तीनदा ओरडून 'काढू नकोस' म्हणालो. घरातले सगळे जागे झाले.

झालं काय होतं ते बघा. अँड्रॉइड १२ पासून सिस्टिम ॲपांच्या पोटातल्या उपप्रक्रियांवर नजर ठेवते. सगळ्या ॲपांच्या मिळून त्या ३२ च्या वर गेल्या, किंवा पाठीमागे राहून एखादी फार प्रोसेसर खायला लागली, की सरळ सिग्नल ९ देऊन मारते. बॅटरी वाचवायला केलेली सोय आहे, साध्या ॲपांना ती कळतही नाही. टर्मक्स मात्र उपप्रक्रियांवरच जगतं. स्क्रीन बंद, अपग्रेड पाठीमागे चालू, आणि मधेच गळा दाबला. अर्धी पॅकेजं नवी, अर्धी जुनी. क्लँग एका आवृत्तीचा आणि त्याला लागणारी लायब्ररी अजून जागेवर आलेलीच नाही. म्हणजे एरर लिंकरची, पण लिंकरचा यात काही दोष नाही. तो बिचारा फक्त निरोप सांगतोय.

मग आम्ही केलं ते असं. आधी काम वाचवलं. 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज' चालवून परवानगी दिली आणि सगळ्या फाइली डाउनलोडच्या फोल्डरमध्ये कॉपी केल्या. तुमच्याकडे टर्मक्समधली कॉपीची कमांडही मेली असेल तर फोनच्या फाइल्स ॲपच्या बाजूच्या यादीत टर्मक्स दिसतं, तिथून उचला. हे झाल्याशिवाय पुढचं काहीही करायचं नाही, माझ्यावर विश्वास असो वा नसो.

नंतर टर्मक्सच्या नोटिफिकेशनमधलं 'अक्वायर वेकलॉक' दाबलं आणि तिला सांगितलं की आता स्क्रीन चालू ठेव आणि दुसऱ्या कुठल्याही ॲपमध्ये जाऊ नकोस, रील तर अजिबात नको. मग 'डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए', म्हणजे अर्धवट राहिलेली पॅकेजं नीट लावून घे. त्यानंतर 'एपीटी डॅश डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', आणि शेवटी पूर्ण 'पीकेजी अपग्रेड'. पूर्ण, बरं का. डेटा वाचवायला बरेच जण फक्त क्लँग नवा घेतात आणि बाकीचं जुनं ठेवतात, आणि त्यानेही हीच एरर येते. टर्मक्सची पॅकेजं एकमेकांचा हात धरून पुढे सरकतात, एकाला पुढे ओढलं की बाकीचे मागे फरफटतात. एलएलव्हीएमचं पॅकेज जड आहे. तिचा दिवसाचा डेटा संपला, तेव्हा शेजारच्या काकूंच्या फोनचा हॉटस्पॉट घेतला. साडेअकराला क्लँग उठला.

तुमच्याकडे याच्याही पुढची अवस्था असेल, म्हणजे टर्मक्सचं शेलच उघडत नसेल, तर डावीकडची पट्टी ओढा आणि 'न्यू सेशन'वर बोट दाबून धरा. 'फेलसेफ' मिळतं. तिथे अँड्रॉइडच्या स्वतःच्या कमांडा चालतात. टर्मक्सचे प्रोग्रॅम 'यूएसआर' नावाच्या फोल्डरात आणि तुमच्या फाइली 'होम'मध्ये, वेगवेगळ्या. 'यूएसआर' तेवढं काढून टर्मक्स पूर्ण बंद करून उघडलं की ते नव्याने उभं राहतं, 'होम'ला धक्का लागत नाही. पण फोल्डरचं नाव दोनदा वाचा आणि मग एंटर दाबा. आणि प्ले स्टोअरबद्दल: तिथलं टर्मक्स नोव्हेंबर २०२० पासून बराच काळ जुनंच पडून होतं, म्हणून एफ-ड्रॉइडवरचं घ्यायला सांगतात. दोन्हींच्या सह्या वेगळ्या, एकावर दुसरं बसत नाही. आधीचं काढावंच लागतं, आणि म्हणून आधी बॅकअप.

आता लॅपटॉपवाले. कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू २०.०४ वरून २२.०४ केलं की एक ठरलेली तक्रार येते: 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ काउंट'. गेल्या वर्षी हेच चालत होतं! हो, चालत होतं, कारण जीसीसी ९ दुर्लक्ष करत होता. हेडर फाइलमध्ये तुम्ही 'इंट काउंट' लिहिलं आणि ते हेडर दोन फाइलींत घेतलं, तर 'काउंट' दोनदा जन्माला येतं. जुना जीसीसी दोघांना गुपचूप एक करायचा. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० ने ती सवय मोडली, आणि २२.०४ मध्ये जीसीसी ११ आहे. हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लिहा आणि खरी व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवा. घाई असेल तर 'डॅश एफ कॉमन' दिलं की जुनं वागणं परत येतं, पण ते औषध नव्हे, नुसता बाम आहे.

त्याच अपग्रेडमध्ये ओपनएसएसएलही १.१ वरून ३.० झालं. जुना बनवलेला प्रोग्रॅम 'लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१' शोधतो, ती फाइल नव्या सिस्टिममध्ये नाहीच. कुठूनतरी जुनी फाइल आणून टाकणारे व्हिडिओ बरेच आहेत. करू नका, सुरक्षेची लायब्ररी आहे ती. सोर्स हातात असेल तर परत बनवा.

आणि कधी कधी लायब्ररी असते, पण लिंकरला दिसत नाही. आमच्या शहापूर तालुक्यातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. भातसा आमच्याकडे, तानसा आमच्याकडे, मुंबईला पाणी इथून जातं, आणि एप्रिल-मे मध्ये पाड्यांवर टँकरची वाट. पाणी नाही असं नाही, पाइप आमच्या दारात येत नाही. तसंच फाइल डिस्कवर असते, पण लिंकर ज्या फोल्डरांत बघतो त्यांत तिचा पत्ता नसतो. तेव्हा 'डॅश एल' मोठ्या लिपीतलं आणि पुढे फोल्डर, असा पाइप टाकून द्यावा लागतो. मॅकवर हे फार होतं. इंटेलच्या मॅकवर होमब्रू 'यूएसआर लोकल'मध्ये बसायचं, ॲपलच्या चिपवर ते 'ऑप्ट होमब्रू'मध्ये गेलं. जुनी मेकफाइल जुन्याच घराची कडी वाजवत बसते. मॅकच्या अपडेटनंतर काहीच चालेना तर आधी 'एक्सकोड-सिलेक्ट डॅश डॅश इन्स्टॉल' करा, बऱ्याचदा कमांड लाइन टूल्सच उडालेली असतात.

कधी फाइलही असते, पत्ताही बरोबर, तरी लिंकर ती बाजूला सारतो. ती दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बनलेली असते. आमच्या लाइनवर पूर्वी तारेत १५०० व्होल्ट डीसी होतं, मग टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्ट एसी झालं, मुंबईतलं शेवटचं काम २०१५ मध्ये संपलं. नुसतं डीसीवर चालणारं इंजिन त्या तारेखाली उभं राहील, हलणार नाही. मधल्या काळासाठी रेल्वेकडे डब्ल्यूसीएएम नावाची दोन्ही विजेवर चालणारी इंजिनं होती. मॅकवर 'युनिव्हर्सल' बायनरी म्हणतात ती हीच, पोटात दोन्ही प्रोसेसरांचा कोड. तुमची फाइल कुठल्या जातीची आहे ते 'फाइल' नावाची छोटी कमांड लगेच सांगते.

टर्बो सी वर मी थोडक्यात बोलतो, कारण बोललो की राग येतो. ते १६ बिटचं, ६४ बिट विंडोजवर उठतच नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये कोंबतात. मग ड्राइव्हचा पत्ता बदलतो आणि लिंकर म्हणतो, 'सी झिरो एस डॉट ओबीजे' उघडता येत नाही. ऑप्शन्समध्ये डिरेक्टरीज उघडून लायब्रीचा पत्ता नीट भरा. 'इनिटग्राफ' सापडत नसेल तर ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज, आणि ग्राफिक्स लायब्रीवर खूण. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण १९९० च्या आसपासचं साधन आज पोरांना शिकवायला ठेवणं मला पटत नाही, आणि ज्यांना पटतं त्यांच्याशी मी चहावर भांडायला तयार आहे.

त्या मुलीचं सबमिशन सोमवारी झालं. एका प्रोग्रॅमला सर म्हणाले, इंडेंटेशन वाकडं आहे. फोनच्या कीबोर्डवर टॅब शोधून दाखवा म्हणावं! आता दर रविवारी रात्री ती सगळ्या फाइलींची टार करून भावाच्या मेलवर पाठवते, आणि भावाला अजून कळलेलं नाही की त्याच्या मेलबॉक्सची जागा कशाने भरतेय.

एरर पाठवताना शेवटची ओळ पाठवू नका, पहिली पाठवा. शेवटची ओळ नुसती 'लिंकर कमांड फेल्ड' एवढंच सांगते, खरं कारण वर गेलेलं असतं, स्क्रोल करावं लागतं. आणि सोबत लिहा की फोन कुठला, अँड्रॉइड कितवं, टर्मक्स कुठून घेतलं. पुढच्या वेळी पायथनची पॅकेजं फोनवर बांधताना काय काय अडतं ते घेऊ, त्यावर सात जणांनी विचारलंय.