आपल्याच पायाने रिंगणाबाहेर

(मंडळाच्या मदतनिधी स्नेहभोजनाच्या वेळी केलेले भाषण)



जेवणाआधी बोलायला उभं राहणाऱ्याने थोडक्यात आटपावं, हा आपल्या मंडळाचा अलिखित नियम मला ठाऊक आहे. तरीही दहा मिनिटं मागतो. बाहेर पुरणपोळीच्या टेबलाशेजारी काळ्या रंगाचं एक गोल फळकूट ठेवलंय. ते कशासाठी, असं आत्तापर्यंत पाचसहा जणांनी विचारलं. एका काकूंनी त्यावर पर्सही ठेवली होती. काकू, तो आखाडा आहे!

जपानी सुमो कुस्ती आपण टीव्हीवर पाहिली असेल. आपल्या मातीतल्या कुस्तीसारखं तिथे पाठ टेकवून चीतपट करावं लागत नाही. प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर काढलं, किंवा तळव्याशिवाय त्याच्या अंगाचा दुसरा कुठलाही भाग जमिनीला टेकवला, की जिंकलात. विद्यार्थ्यांना यंत्रमानवाची गोडी लागावी म्हणून फुजी सॉफ्टवेअर या जपानी कंपनीचे प्रमुख हिरोशी नोझावा यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस हाच खेळ रोबोंसाठी काढला. १९८९ साली प्रदर्शनी सामने झाले, १९९० साली पहिली रीतसर स्पर्धा. पुढे तो अमेरिकेत आला आणि लहान मुलांना झेपेल असा त्याचा छोटा अवतारही निघाला.

छोट्या गटाचे नियम बहुतेक ठिकाणी असे असतात: रोबो १० सेंटिमीटर लांब-रुंद चौकटीत बसला पाहिजे, वजन ५०० ग्रॅमच्या आत. रिंगण ७७ सेंटिमीटर व्यासाचं, काळं, कडेला अडीच सेंटिमीटरचा पांढरा पट्टा. बटण दाबल्यावर पाच सेकंद गप्प उभं राहायचं, मग भिडायचं. आपल्या मराठी शाळेतली पोरं हे पाच सेकंद मराठीतून मोजतात. एरवी 'एकोणसाठ' म्हणताना अडखळणारी मुलं 'एक, दोन, तीन' मात्र कशी खणखणीत ओरडतात ते ऐकाच! आणि मुख्य म्हणजे हातात रिमोट नाही. एकदा बटण दाबलं की तुम्ही प्रेक्षक. जे काय सांगायचं ते आधी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेलं.

त्याच्या पोटात फारसं काही नसतं. दोन मोटारी, दोन चाकं, आर्डुइनोसारखा एक छोटा बोर्ड, चार सेल, समोरचा दिसावा म्हणून एक सेन्सर आणि खाली जमिनीकडे बघणारे दोन. काळा रंग अवरक्त प्रकाश शोषतो, पांढरा परत पाठवतो. त्यावरून रोबोला कडा कळते. पुढे जमिनीलगत उतरता पत्रा लावतात. तो समोरच्याखाली घुसला की त्याची चाकं उचलली जातात आणि पकड सुटते. आपली पकड टिकायची तर आपलं वजन चाकांवर पडायला हवं. आमचा रोबो भरला ४३० ग्रॅम. मग खजिनदारांकडून बारा क्वार्टर घेतले, ६८ ग्रॅम, आणि टेपने पोटात चिकटवले. एकूण ४९८!

आता खरी गोष्ट सांगतो. दहा वर्षांच्या एका मुलीचा रोबो नवशिक्यांच्या स्पर्धेत उतरणार होता. आदल्या रात्री वेळ कमी होता म्हणून तिचा प्रोग्रॅम मीच लिहून टाकला. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत, त्यात काय मोठंसं! 'समोरचा दिसला की एक सेकंद पूर्ण वेगाने ढकल.' घरी तांदळाने भरलेल्या डब्यावर करून पाहिलं, डबा रिंगणाबाहेर. मी खूश.

स्पर्धेत पहिल्याच फेरीत समोरचा रोबो बाजूला सरकला आणि आमचा पठ्ठ्या सरळ धावत जाऊन खाली पडला. दुसऱ्या फेरीत तेच. सांगलीहून आलेली तिची आजी शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अगं बाई, ह्याला कुणी हात पण लावला नाही. हा आपल्याच पायाने गेला की!"

मी सेन्सरला दोष दिला, हॉलमधल्या दिव्यांना दोष दिला. ती मुलगी मात्र म्हणाली, "काका, ढकलताना तो खाली बघतो का?"

"बघतो की," असं मी म्हटलं खरं. मग प्रोग्रॅम उघडला. नव्हता बघत. त्या एका सेकंदात तो डोळे मिटून धावत होता. तिने व्हरांड्यात जमिनीवर टेप लावून त्याला एक सेकंद पळवला आणि पट्टीने मोजलं. सुमारे ४० सेंटिमीटर. ७७ चं निम्मं साडेअडतीस! म्हणजे मधून सुटला तरी बाहेर जाणारच. तांदळाचा डबा जड होता, त्याला ढकलताना वेग पडायचा, म्हणून घरी हे कधी दिसलंच नाही.

मी कीबोर्डकडे हात नेला तर तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. एका बोटाने टाइप करत तिने तो एक सेकंद काढून टाकला. आता रोबो थोडासा ढकलतो, खाली बघतो, पुन्हा ढकलतो, सेकंदाला शेकडो वेळा. पुढच्या सामन्यात प्रतिस्पर्धी असाच निसटला. आमचा पांढऱ्या पट्ट्यावर थबकला, मागे आला, वळला आणि त्याला कडेने बाहेर काढलं. आजींनी अशी काही आरोळी ठोकली की पंच दचकले. त्यानंतरचा सामना आम्ही हरलो, पण तो ढकलून, झटापट होऊन हरलो.

आजच्या निधीतून सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेला असे संच पाठवायचेत. काही देणगीदारांनी प्रेमाने सुचवलं की तयार, रिमोटवाले रोबो पाठवू, मुलांना लगेच खेळता येईल. माझी हात जोडून विनंती आहे, सुटे भाग पाठवूया. आणि दर चार संचांमागे एका संचाइतके भाग जादा. मोटारी बसतात, बोर्ड उलटा सेल लावून जळतो, तारा तुटतात. माझ्या स्वतःच्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता. तो आम्ही दहावीपर्यंत कपाटाच्या काचेतूनच पाहिला, कारण बिघडला तर सरांना जाब द्यावा लागला असता. म्हणून प्रत्येक खोक्यात मुख्याध्यापकांच्या नावे एक चिठ्ठी जाणार आहे: 'जळाला तर चालेल. हिशेब मागणार नाही.'

त्याखेरीज पुन्हा भरता येणारे सेल आणि २३० व्होल्टवर चालणारे चार्जर लागतील. इथले ११० वाले देऊ नका, प्लीज. रिंगण तिथलाच सुतार कापून देईल. शिक्षकांना आठवडाभर शिकवायला मी दिवाळीच्या सुट्टीत स्वखर्चाने जातोय, त्यासाठी पैसे नकोत.

जेवण झाल्यावर बाहेर दोन सामने लावणार आहोत. पर्स तेवढी उचलून घ्या. आणि खजिनदार, तुमचे तीन डॉलर अजून त्या रोबोच्या पोटातच आहेत. ती म्हणते, काढले तर वजन कमी होईल.